२८ इंचांच्या पुढचा वॉलआय बर्फाखालून कसा मिळवावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : तुम्ही मिनिआपोलिसजवळ राहता, गेले तीन हिवाळे मित्रांबरोबर उत्तर मिनेसोटातल्या अप्पर रेड लेकवर फिश हाऊस, म्हणजे गोठलेल्या सरोवरावरची मासेमारीची खोपटी, भाड्याने घेता, १४ ते १७ इंचांचे वॉलआय, म्हणजे इथले गोड्या पाण्यातले शिकारी मासे, भरपूर मिळतात, गेल्या हंगामात तुम्ही पाण्याखालचे मासे त्याच क्षणी पडद्यावर दाखवणारा महागडा लाइव्ह सोनारही घेतला, आणि तरीही २८ इंचांच्या पुढचा एकही मासा तुमच्या भोकातून वर आलेला नाही. तेव्हा आमिष कोणते बदलावे, आणि असा मासा मिळालाच तर तो घरी न्यावा की सोडून द्यावा, असे तुम्ही विचारले आहे. मी बरीच वर्षे उत्तर मिनेसोटात आणि कॅनडातल्या मॅनिटोबात बर्फावर मासेमारी करतो आणि अलीकडे नवख्या मंडळींना सोबत नेतो, त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो.

माझ्या मते तुमची अडचण आमिषाच्या डब्यात नाही. जो माणूस दिवसभरात एवढे मासे काढतो त्याला दोरा कसा सोडावा आणि गळ कसा मारावा हे नक्कीच येते. प्रश्न दोनच आहेत : तुम्ही बसता त्या पाण्यात म्हाताऱ्या माद्या कितीशा आहेत, आणि त्या खायला बाहेर पडतात त्या वेळी तुमचे आमिष त्यांच्या वाटेवर, शांतपणे, योग्य खोलीवर असते का. आमिषाचा विचार याच्या नंतर येतो. तो मी टाळणार नाही, पण क्रम हाच ठेवतो.

मी माद्या म्हणतो, कारण २८ इंचांचा वॉलआय जवळजवळ नेहमी मादीच असतो. नर सहसा त्या लांबीपर्यंत पोहोचत नाही. उत्तरेच्या थंड पाण्यात मादीला ही लांबी गाठायला दहा-पंधरा वर्षे सहज लागतात, कधी त्याहूनही जास्त. वजनाचा एक ढोबळ हिशोब इथले मच्छीमार करतात : इंचांतल्या लांबीचा घन करून त्याला २७०० ने भागले की पौंडांत वजन मिळते. तुमचा १६ इंचांचा मासा त्या हिशोबाने दीड पौंडाचा, २८ इंचांची मादी आठ पौंडांच्या थोडी वर आणि ३० इंचांची बरोबर दहा पौंडांची. शेवटच्या दोन इंचांत जवळजवळ दोन पौंड वाढतात, म्हणूनच त्या दोन इंचांसाठी माणसे इतकी जिवाचे रान करतात. इतकी वर्षे गळ, जाळी, पाईक मासे आणि कडक हिवाळे चुकवून उरलेल्या माद्या कोणत्याही तळ्यात थोड्याच असतात. त्यामुळे जिथे एकूण वॉलआय जास्त तिथे मोठेही जास्त, हा हिशोब बरोबर ठरत नाही. पुष्कळदा तो उलटाच असतो.

अप्पर रेड लेक हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. अतोनात मासेमारीमुळे तिथला वॉलआय कोलमडला, १९९९ मध्ये ती मासेमारी पूर्ण बंद झाली, रेड लेक नेशन ही तिथली ओजिब्वे जमात आणि राज्य सरकार यांनी मिळून कोट्यवधी पिल्ले सोडली आणि २००६ मध्ये सरोवर पुन्हा खुले झाले. आज ते उथळ, गढूळ आणि मध्यम आकाराच्या वॉलआयने भरलेले आहे. ताटात घालायला मासा हवा असेल, मुलांना गळाला मासा लागण्याचा आनंद द्यायचा असेल, तर त्याहून चांगली जागा मी सुचवू शकणार नाही. तिथे मोठी मादी मिळत नाही असे नाही, पण तिच्यासाठी तुम्हाला शेकडो लहान मासे गळावरून उतरवत बसावे लागेल, आणि नेमक्या वेळी तुमचा गळ लहान माशाच्याच तोंडात असेल.

मोठ्या माद्या ज्या पाण्यात होतात त्याची खूण म्हणजे मोठी आणि चरबीदार शिकार. टुलिबी, स्मेल्ट, शाड असे मासे भरपूर असले आणि सरोवर एवढे विस्तीर्ण असले की मादीला वर्षभर त्यांच्यामागे फिरता यावे, तर ती लठ्ठ होते. तुमच्यापासून साधारण दोन तासांवर असलेले मिल लॅक्स, पाच तासांवरचे लेक ऑफ द वूड्स आणि सीमेपलीकडे सुमारे सात तासांवर विनिपेग सरोवराचा दक्षिण भाग, ही तीन नावे मी तुम्हाला सुचवेन. मिशिगनमधील लिटल बे डी नॉक, विस्कॉन्सिनजवळचा ग्रीन बे आणि ऑन्टारिओतील बे ऑफ क्विन्टे ही नावेही या छंदात मानाने घेतली जातात, कारण तिथे महासरोवरांत वाढलेल्या माद्या हिवाळ्यात उपसागरात येतात. पण तुमच्या घरापासून ती लांब आहेत आणि पहिल्या वर्षी तेवढी धडपड करण्याची गरज नाही.

या तिघांतले कोणते निवडावे हे मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे. मिल लॅक्सचे नियम दरवर्षी, कधीकधी हंगामाच्या मध्येही बदलतात, कारण तिथला वॉलआय राज्य आणि १८३७ च्या तहानुसार हक्क असलेल्या ओजिब्वे जमाती यांच्यात वाटला जातो आणि माशांच्या संख्येवर बारकाईने लक्ष ठेवले जाते. तुम्हाला मासा ठेवायचाच नसेल तर ही अडचण राहत नाही. लेक ऑफ द वूड्सच्या मिनेसोटा भागात १९.५ ते २८ इंचांमधला प्रत्येक वॉलआय सोडून द्यावाच लागतो आणि २८ च्या वरचा एकच ठेवता येतो. राज्यातल्या बहुतेक तळ्यांवर वॉलआयचा हंगाम फेब्रुवारीच्या अखेरीस संपतो, तो तिथे १४ एप्रिलपर्यंत चालतो. विनिपेगला जायचे तर वेगळा परवाना लागेल, गळ बिनकाट्याचे, म्हणजे टोकाजवळचा उलटा काटा नसलेले, असावे लागतील आणि इथून जिवंत मिनो, म्हणजे आमिषाचे लहान मासे, नेता येणार नाहीत. ही सगळी माहिती निघण्यापूर्वी त्या वर्षीच्या सरकारी नियमपुस्तिकेतून तपासून घ्यावी. माझ्या किंवा आणखी कोणाच्या आठवणीवर विसंबू नये.

तळे ठरले की हिवाळ्याचा कोणता भाग साधायचा हे ठरवावे. माझ्या अनुभवात मोठ्या मादीसाठी दोन काळ चांगले : बर्फ नुकताच चालण्याजोगा झालेला असतो ते दोन-तीन आठवडे, आणि बर्फ वितळण्याआधीचा शेवटचा महिना. सुरुवातीला ती शरद ऋतूतल्या सवयीप्रमाणे किनाऱ्याजवळच्या कड्यांवर आणि खडकाळ उंचवट्यांवर चरत असते, पाण्यात प्राणवायू भरपूर असतो आणि वर माणसांची वर्दळ कमी असते. शेवटी तिच्या पोटातली अंडी पक्व होत आलेली असतात, वसंतात बर्फ फुटला की ती अंडी घालणार असते, म्हणून ती नद्यांच्या मुखांकडे आणि गोट्यांच्या उथळ पट्ट्यांकडे सरकू लागते. लेक ऑफ द वूड्सवर मार्चमध्ये रेनी नदीच्या मुखाबाहेरच्या पाण्यात एवढी मंडळी का बसतात याचे कारण हेच. जानेवारीचा मधला काळ सर्वांत कठीण; मासे खोल पाण्यात विखुरतात आणि मंदावतात. नेमके याच काळात बहुतेकांना सुट्टी असते आणि फिश हाऊस सहज मिळते, त्यामुळे मोठा मासा मिळत नाही ही तक्रारही याच काळातल्या सहलींवरून होते.

पहिल्या बर्फाची शिफारस करताना जिवाच्या जोखमीबद्दल लिहिणे माझे कर्तव्य आहे. नव्या, स्वच्छ, पारदर्शक बर्फाची जाडी किमान ४ इंच असल्याशिवाय पायी जाऊ नये, आणि स्नोमोबाईलला ५ ते ७ इंच हवेत. हिम मिसळून गोठलेला पांढरा थर साधारण निम्म्याच ताकदीचा धरावा. एका ठिकाणी चार इंच सापडले म्हणून पुढेही तेवढेच असतील असे समजू नये. हातात लोखंडी पहार ठेवून चालताना ठोकत जावे आणि दर दीडशे फुटांवर भोक पाडून मोजावे. गळ्यात बर्फाचे खिळे (पाण्यात पडल्यास बर्फात रुतवून वर येण्यासाठी), अंगात तरंगणारा सूट आणि सोबत किमान एक माणूस, यात तडजोड नको. मिल लॅक्स आणि लेक ऑफ द वूड्सवर वाऱ्याने मोठ्या भेगा उघडतात, म्हणून तिथे निदान पहिल्या वर्षी स्थानिक रिसॉर्टने आखलेल्या वाटेनेच जावे. फिश हाऊसमध्ये गॅसची शेगडी पेटवत असाल तर झरोका उघडा आणि कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म चालू हवा.

आता वेळेबद्दल. वॉलआयच्या डोळ्याच्या मागे प्रकाश परतवणारा थर असतो, मांजराच्या डोळ्यात असतो तसा. मंद उजेडात त्याला दिसते ते त्याच्या शिकारीला, विशेषतः पर्चला, दिसत नाही. संधिप्रकाशात त्याची बाजू वरचढ असते आणि मोठी मादी, जिने इतकी वर्षे थोडक्या श्रमात पोट भरायला शिकून काढली आहेत, ती हीच वेळ साधते. स्वच्छ पाण्याच्या सरोवरात सूर्यास्ताच्या आधीची वीस मिनिटे आणि नंतरचा पाऊण तास हा माझ्या दृष्टीने खरा दिवस असतो. पहाटेची तशीच वेळ त्याखालोखाल. मिल लॅक्समध्ये २००५ पासून पाणी गाळणाऱ्या झेब्रा शिंपल्या आहेत आणि पाणी पूर्वीपेक्षा स्वच्छ झाले आहे, त्यामुळे तिथे हा नियम अधिकच लागू पडतो. उलट विनिपेग सरोवराचे पाणी चिखलट आहे, तिथे भर दुपारीही मोठा मासा लागतो. जाड बर्फ आणि त्यावर साचलेला हिम उजेड अडवतात, म्हणून ढगाळ दिवशी किंवा हिमाच्या जाड थराखाली वेळेची ही खिडकी थोडी रुंदावते. तुमच्या तळ्याचे पाणी किती स्वच्छ आहे ते पाहून याचा हिशोब करावा.

इथेच बहुतेक जण मोठी संधी घालवतात. दुपारभर लहान मासे काढून मंडळी दमलेली असतात, साडेचार वाजता चहा मांडला जातो, गप्पा रंगतात, कोणीतरी नवे भोक पाडायला ऑगर, म्हणजे बर्फाचे गिरमिट, सुरू करतो. बारा-पंधरा फूट पाण्यावर ऑगरचा आवाज खाली किती जोरात पोहोचतो याची कल्पना पाण्याखाली कॅमेरा सोडून पाहिल्यावर येते : पर्चचा थवा क्षणात नाहीसा होतो. मी सूर्यास्ताच्या दीड तास आधी सगळी भोके पाडून घेतो, झाऱ्याने बर्फाचा रेंदा काढून स्वच्छ करतो आणि त्यानंतर बर्फावर धावणे, वस्तू आपटणे, गाडी हलवणे पूर्ण बंद. उथळ पाण्यावर फिश हाऊसमधला प्रखर दिवाही मी मंद करतो.

भोके कुठे पाडावीत? नकाशावर उंचवटा दिसला की सगळे त्याच्या माथ्यावर जाऊन बसतात. मला मोठ्या माद्या जास्त करून कडेला मिळाल्या आहेत : उतार संपून सपाटी सुरू होते तिथे, किंवा खडक आणि गोटे संपून चिखल लागतो त्या रेषेवर. पाण्याखालचा कॅमेरा असेल तर ही रेषा स्पष्ट दिसते. नसेल तर फ्लॅशरवर, म्हणजे खोली आणि मासे रंगीत रेघांनी दाखवणाऱ्या साध्या सोनारवर, कठीण तळाची खूण रुंद आणि ठळक, मऊ तळाची बारीक आणि फिकी दिसते, त्यावरून ती शोधता येते. अशा रेषेवर मी भोकांची तिरकी रांग पाडतो, एक उथळावर, दोन-तीन उतारावर, एक-दोन पायथ्याशी, म्हणजे मादी कोणत्या खोलीवरून चालली आहे हे त्या संध्याकाळी कळते. मिल लॅक्सच्या उत्तर भागातली चिखलाची पठारे आणि दक्षिण भागातले दगडगोट्यांचे पट्टे या पद्धतीला अगदी योग्य आहेत.

तुमच्या लाइव्ह सोनारबद्दल माझे मत असे : तो उत्तम साधन आहे, पण त्याच्यामागे धावू नका. पडद्यावर मोठा ठिपका दिसला की उठून त्याच्या डोक्यावर भोक पाडायला जाणे, तो हलला की पुन्हा नवे भोक, हा खेळ उथळ पाण्यात हमखास हरण्याचा आहे. त्याचा खरा उपयोग दुपारी होतो. वॉलआय ज्यांना खातो ते लहान मासे कोणत्या कडेवर आहेत, टुलिबीचा थवा किती खोलीवर तरंगतो आहे, हे तेव्हा पाहून ठेवावे आणि संध्याकाळी तिथे गप्प बसावे. तळ सोडून मध्यात तरंगणारे ठळक ठिपके टुलिबीच्या जवळपास दिसले तर त्यांना पर्च समजून सोडून देऊ नका. मोठी मादी पुष्कळदा तळापासून दहा-बारा फूट वर असते, आणि तळाशी लोंबणारे आमिष तिच्या नजरेतही येत नाही.

आता आमिष. दोन दोरे लावायची मिनेसोटात बर्फावर परवानगी आहे, आणि दोन्हींचे काम वेगळे आहे. हातातल्या रॉडला मी आवाज करणारे, भरगच्च आकाराचे आमिष लावतो : गढूळ पाण्यात खुळखुळणारे रिपिन रॅपसारखे चपटे आमिष, स्वच्छ पाण्यात जिगिंग रॅप हे माशाच्या आकाराचे आमिष किंवा पाव औंसाच्या आसपासचा स्पून, म्हणजे धातूची चकचकीत पट्टी, आणि त्याच्या गळाला मिनोचे डोके. दुसऱ्या रॉडला, साधारण पाच-सहा फुटांवरच्या भोकात, साध्या गळावर चार-पाच इंचांचा जिवंत मिनो स्वस्थ सोडतो. आवाजाने मादी जवळ येते, आणि हलणाऱ्या आमिषाला बिचकली तर तो शांत मिनो घेते. लहान वॉलआयचा त्रास टाळण्यासाठीही मिनो मोठा असावा. रंगांची चर्चा या छंदात अखंड चालते; मी गढूळ पाण्यात सोनेरी आणि केशरी, स्वच्छ पाण्यात रुपेरी, एवढाच फरक करतो आणि तेवढ्यावर माझे काम भागते.

आमिष कसे हलवावे हे मात्र रंगापेक्षा फार महत्त्वाचे आहे. मासा दिसत नसताना दीड-दोन फूट जोरात उचलून दोरा सैल न होऊ देता खाली सोडावे, दोन-तीन वेळा, मग दहा सेकंद पूर्ण स्थिर. हा आवाज दूरवर जातो. फ्लॅशरवर तळाशी हिरवी रेघ उमटली, ती जाड होत लाल झाली आणि वर सरकू लागली, की मासा थेट खाली आला आहे. इथे हात आपोआप जोरात हलू लागतो, आणि इथेच थांबावे. आमिष माशाच्या नेहमी वर ठेवावे, कधीही त्याच्या अंगावर सोडू नये. मी रॉडचे टोक जेमतेम थरथरवत आमिष अर्धा फूट सावकाश वर घेतो. रेघ मागोमाग वर आली तर आणखी अर्धा फूट. लहान मासा सहसा झडप घालतो किंवा निघून जातो. मोठी मादी मात्र तीन-चार फूट मागे मागे येते, थांबते, पुन्हा येते. तिची रेघ रुंद असते आणि हालचाल संथ. वर घेताना ती थबकली तर हात गोठल्यासारखा स्थिर ठेवावा आणि मनात वीसपर्यंत मोजावे. चावा बहुधा झटक्याने येत नाही. दोऱ्यावरचे वजन अचानक नाहीसे झाल्यासारखे वाटते किंवा वर उचलायला जावे तर टोक जड लागते. तेव्हा गळ मारावा. ती खाली निघून गेली तर आमिष तिच्यामागे सोडू नये. दोन फूट वर उचलून एकदा खुळखुळवावे आणि वाट पाहावी, कारण ती पुष्कळदा परतते.

सामानाबद्दल थोडक्यात. २८ ते ३२ इंचांचा मध्यम ताकदीचा रॉड, फिश हाऊसमध्ये बसणार असाल तर ८ ते १० पौंडांचा विणलेला दोरा आणि त्याच्या टोकाला फ्लुरोकार्बनच्या दोऱ्याचा तुकडा (लीडर). उघड्यावर विणलेला दोरा पाणी धरून गोठतो, तिथे साधा मोनो, म्हणजे एकपदरी नायलॉनचा दोरा, बरा. रीलचा ड्रॅग, म्हणजे माशाने ओढल्यावर दोरा सुटू देणारा ब्रेक, थोडा सैल ठेवावा आणि थंडीत तो अडकत नाही ना हे संध्याकाळी एकदा हाताने दोरा ओढून पाहावे. भोक १० इंचांचे असावे. ८ इंचांतून २८ इंचांची मादी निघते, पण मार्चमध्ये बर्फ अडीच-तीन फूट जाड असताना तिचे डोके त्या नळकांड्यात वळवणे फार अवघड जाते.

बहुतेक मोठे मासे याच शेवटच्या तीन फुटांत सुटतात. मासा मोठा आहे हे कळताच सोबत्याने दुसरा दोरा आणि सोनारची तार बाहेर काढावी. मादी भोकाजवळ येऊन दोन-तीनदा पुन्हा खाली जाईल. तिला जाऊ द्यावे, रॉडचे टोक भोकाच्या मध्यावर आणि पाण्याजवळ ठेवावे, म्हणजे दोरा बर्फाच्या खालच्या धारदार कडेला घासणार नाही. दोरा हाताने धरून ओढू नये. तिचे डोके नळकांड्यात शिरले की एकसारखा ताण ठेवून वर आणावे आणि सोबत्याने हातमोजा काढून, ओल्या हाताने, कल्ल्याच्या झाकणाच्या कडेखाली बोटे सरकवून तिला उचलावे. लाल कल्ल्यांना हात लागता कामा नये, आणि दुसरा हात लगेच पोटाखाली. जबड्यावर उभी लोंबकळवून फोटो काढू नये, आठ पौंडांचे वजन तिच्या मणक्यावर आणि जबड्यावर येते.

आता तुमचा दुसरा प्रश्न : ठेवावी की सोडावी? २८ च्या वरचा एक मासा ठेवण्याची मुभा लेक ऑफ द वूड्सवर आहे, आणि कायद्याने परवानगी असलेल्या माणसाला दोष देण्याचा मला अधिकार नाही. पण माझे मत सोडावी असेच आहे, आणि त्याची कारणे स्पष्ट आहेत. कोकणात वाढलेल्या आपल्यासारख्यांना गाबोळीची मासळी म्हणजे नशीब वाटते, आणि हिवाळ्यातली ही मादी गाबोळीने भरलेलीच असते. तिच्या पोटात काही लाख अंडी असतात आणि ती येत्या वसंतात घातली जाणार असतात. दुसरे असे की वॉलआय हा शिकारी मासा, तो जितका म्हातारा तितका त्याच्या मांसात पारा साठलेला असतो. गर्भवती स्त्रिया आणि लहान मुलांनी मोठे वॉलआय खाऊ नयेत अशा सूचना इथले आरोग्य खाते देते. चवीलाही १५-१६ इंचांचाच मासा सरस. रवा लावून तळायला किंवा तिखले करायला तोच घ्यावा, आणि तो तुम्हाला रेड लेकवर हवा तेवढा मिळतोच आहे.

सोडायचे ठरवले तर ते मासा लागण्यापूर्वी ठरवावे, कारण दोन गोष्टी आधीच पाळाव्या लागतात. पहिली खोली. वॉलआयच्या हवेच्या पिशवीला घशातून बाहेर पडायचा मार्ग नसतो. ३० फुटांपेक्षा खोलातून वर ओढले की ती पिशवी फुगते, पोट ताठ होते, कधी जठर तोंडात येते, आणि असा मासा पाण्यात सोडला तरी बर्फाखाली उलटा तरंगत मरतो. सुई टोचून हवा काढण्याचा उपाय नवख्या हाती बरे करण्यापेक्षा इजाच अधिक करतो. म्हणून मोठ्या मादीच्या मागे असताना मी ३० फुटांखाली दोरा सोडतच नाही, तिथे कितीही ठिपके दिसोत. दुसरी थंडी. उणे वीस अंशांत कल्ले आणि डोळे काही सेकंदांतच गोठू लागतात. मासा उघड्यावर बर्फात ठेवून फोटोसाठी फोन शोधत बसणे म्हणजे त्याला मारणेच. गरम फिश हाऊसमध्ये असाल तर काम सोपे. उघड्यावर असाल तर पक्कड डाव्या खिशात, फोन छातीजवळच्या खिशात उबेत, आणि गळाचे काटे पकडीने आधीच दाबून ठेवलेले असावेत. रॉडच्या दांड्यावर २८ आणि ३० इंचांच्या खुणा आधीच करून ठेवल्या तर वेगळी पट्टी लागत नाही. मादीला पाण्यातच भोकात धरून ठेवावे, गळ तिथेच सोडवावा, सगळे तयार झाले की दहा-पंधरा सेकंदांसाठी आडवी उचलावी, फोटो, आणि डोके खाली करून परत पाण्यात. शेपटीने जोर लावेपर्यंत हात काढू नये.

भिंतीवर लावायला आठवण हवी असेल तर त्यासाठीही मासा मारावा लागत नाही. लांबी, पाठीवरच्या पहिल्या काटेरी पराच्या जरा पुढून मोजलेला घेर, आणि बाजूने घेतलेला एक स्वच्छ फोटो एवढ्यावर फायबरग्लासची हुबेहूब प्रतिकृती बनवून मिळते. घेर मोजायला शिंप्याची मऊ टेप चालते, ती फोनच्याच खिशात ठेवावी. मॅनिटोबात मासा मिळाला तर मोठ्या माशांची नोंद करणाऱ्या तिथल्या मास्टर अँगलर योजनेत वॉलआयसाठी लांबीची मर्यादा ७१ सेंटीमीटर, म्हणजे साधारण २८ इंचच आहे, आणि सोडलेल्या माशाचीही नोंद होते.

या वर्षी तुम्हाला दोनच सहली जमणार असतील, तर एक डिसेंबरच्या उत्तरार्धात, बर्फाची जाडी पाहून, मिल लॅक्सच्या एखाद्या कडेवर फक्त संध्याकाळसाठी करा, आणि दुसरी मार्चच्या मध्यावर लेक ऑफ द वूड्सला. रेड लेकची सहल मित्रांबरोबर जशी होते तशीच होऊ द्या. तुम्ही कोणते तळे निवडता आणि तिथले पाणी किती स्वच्छ आहे हे कळवलेत, तर भोके कोणत्या खोलीवर पाडावीत याबद्दल मी अधिक नेमके सांगू शकेन.